बसलेल्या बाईचं पोस्टर

आमच्या इमारतीत कुणाला गुपित राखायचं असेल तर त्यानं जिना चढावा. लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की ते गुपित लिफ्टमावशीचं, आणि तिचं झालं की तळमजल्यावरच्या माझ्या घड्याळदुरुस्तीच्या खोक्यापर्यंत यायला त्याला एका फेरीचाच अवकाश. माझं खोकं लिफ्टच्या बरोबर समोर. बातमी मात्र हप्त्याहप्त्यानं यायची. "काका, तिसऱ्या मजल्यावरचा तो दातांचा डॉक्टर आहे ना..." एवढं होईतो कुणीतरी आत शिरायचं, जाळीचं दार खर्रकन सरकायचं आणि मावशी वर. मी भिंग डोळ्याला लावून एखाद्या घड्याळाच्या पोटात बघत बसायचो, पण जीव सगळा वरती टांगलेला. खाली आली की पुढचं: "...स्वतःची दाढ काढायला दुसऱ्याकडे गेला होता!" आणि पुन्हा वर.

तेव्हा मी जे सांगतोय ते ऐकीव आहे हे कबूल. पण चांगल्या ठिकाणी ऐकलेलं आहे.

लिफ्ट जुनी, बटणं नसलेली. पितळी दांडा फिरवायचा, मजला आला की सोडायचा. मावशी बुटकी, गोल, आवाजानं खणखणीत. नवरा बसचा ड्रायव्हर. तो दिवसभर बसून कंबर धरून घरी यायचा आणि घरात एकुलती एक आरामखुर्ची, तिच्यावरून रोज महाभारत. "तू बसूनच होतीस ना दिवसभर?" तो म्हणायचा. "बसले होते, पण वर-खाली बसले होते!" ही म्हणायची. त्यावर काय बोलायचं ते त्या बिचाऱ्याला कधी सुचलं नाही. तसं त्याला लग्नापासून फारसं काही सुचलेलं नाही.

तर ती बसायची ते स्टूल. लाकडी, गोल, वर चिंध्यांची गादी, मावशीनंच शिवलेली. लिफ्टच्या कोपऱ्यात दांड्याच्या हाताशी ते असं बसलं होतं की लिफ्टबरोबरच जन्माला आलं असावं.

मग आमच्याकडे नवा मॅनेजर आला. सरळसोट, ताठ, जिन्याच्या वळणावरसुद्धा वळायचा तो चौकोनी. आल्याच्या आठवड्यात त्याचं नाव काटकोन पडलं. कुणी पाडलं ते मी सांगणार नाही, पण ते नाव पहिल्यांदा माझ्या खोक्यातून ऐकू आलं असं लोक म्हणतात. लोक काय, काहीही म्हणतात.

काटकोनानं पहिल्याच फेरीत स्टूल पाहिलं. "हे काय?"

"स्टूल आहे, साहेब."

"ते दिसतंय. इथे कशाला?"

"बसायला. नाचायला लहान पडतं."

त्याला विनोद मानवत नसत. "बसलेला नोकर म्हणजे झोपलेला नोकर," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी स्टूल गायब. जिन्याखालच्या अडगळीत, बादल्यांच्या मागे. आणि लिफ्टमध्ये, बरोबर मावशीच्या नाकासमोर एक पाटी: लिफ्टचालकाने कामाच्या वेळेत उभे राहावे. दिवसभर तिनं तेच वाचायचं आणि तेच करायचं.

मावशी भांडली. वर जाऊन भांडली, खाली येऊन भांडली. पाचव्या मजल्यावरच्या लठ्ठ वकिलाला तिनं मध्ये घातलं. तो म्हणाला, बघू. आमच्या इमारतीत वकील 'बघू' म्हणाला की समजावं, डोळे मिटले. मग ती उभी राहिली. पावसाळा संपला, थंडी आली, मावशी उभीच. संध्याकाळी तिचे पाय चपलेतून ओतू जायला लागले. गुडघे घरी निघताना कुरकुरायचे आणि ती त्यांना सगळ्यांसमोर दम द्यायची, "गप्प बसा रे, तुम्हाला तरी बसायची काय हौस!" आम्ही हसायचो. हसू नये असं होतं ते, पण ती हसवायचीच.

आता तिची लेक. तिला आम्ही टिकटिक म्हणायचो, कारण तोंड थांबत नसे. ही कॉलेजात व्हिडिओ-बिडिओ शिकत होती. शेवटच्या वर्षी त्यांना एक काम होतं: एका नव्या गाण्याचा व्हिडिओ करायचा, त्या गाण्याचं कव्हर, म्हणजे वरचं चित्र, करायचं आणि जाहिरातीचं पोस्टर. त्यांच्या मॅडमची एक अट होती. तिन्ही गोष्टी एका आईची लेकरं दिसली पाहिजेत. रंग तोच, अक्षरं तीच, चेहरा तोच. पोस्टर पाहून माणूस व्हिडिओ बघायला आला तर त्याला चुकून शेजारच्या घरात शिरल्यासारखं वाटता कामा नये.

टिकटिक आणि तिच्या दोन वर्गमित्रांनी आधी प्रेमाचं गाणं रचलं होतं. एक मैत्रीण गाणारी, गळा खरंच गोड; आणि दुसरा कॅमेऱ्याची तिवई खांद्यावर घेऊन फिरणारा उंच पोरगा, त्याला सगळे तिवईच म्हणत. तिघांनी घरी बसून मावशीला गाणं ऐकवलं. डोळ्यांत डोळे, वाऱ्यात केस, असलं काहीतरी.

"छान आहे," मावशी म्हणाली. "पण माझ्या लिफ्टमध्ये रोज चार जोडपी प्रेम करतात. एकही गात नाही. सगळी छताकडे बघतात."

टिकटिकला राग आला. "मग तूच सांग ना, कशावर करू गाणं?"

"माझ्या गुडघ्यांवर कर."

आई चेष्टा करत होती. पण पोरगी तिचीच ना! दुसऱ्या दिवशी प्रेम केराच्या टोपलीत आणि गाणं तयार:

दार उघडेल, दार मिटेल,
कोण कुठले येतील;
बसले मी तर बसले आता,
काय माझे नेतील?

व्हिडिओ असा ठरला. लिफ्टमध्ये स्टुलावर मावशी. लिफ्ट वर जाते, प्रत्येक मजल्यावर दार उघडतं, बाहेर कुणीतरी हुकूम सोडणारं उभं, आणि मावशी बसलेलीच राहते. बस्स, इतकंच. आवाज मैत्रिणीचा, ओठ मावशीचे.

सुट्टीच्या दिवशी इमारत बंद. किल्ली मावशीकडेच असते. मी त्या दिवशी खोक्यात होतो. सुट्टीच्या दिवशी का, असं विचारू नका, घरी सून असते. मावशीनं अडगळीतून स्टूल बाहेर काढलं, गादीवरची जळमटं झटकली आणि दुरावलेल्या नातेवाइकाला जवळ घ्यावं तसं ते पोटाशी धरून लिफ्टमध्ये ठेवलं.

तिवईनं तिला युक्ती समजावली. गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, मावशीनं ओठ तेवढ्याच वेगानं हलवायचे, आणि मग चित्र निम्म्या वेगानं दाखवायचं. ओठ गाण्याशी बरोबर जुळतात, पण बाकी सगळं, केस, हात, किल्ल्यांचा जुडगा, पाण्यात बुडाल्यासारखं सावकाश हलतं. मावशीला ही गंमत फार आवडली. भरभर बोलायचा तिला जन्माचा सराव. "एवढंच? अगं, मी घरी रोज याच वेगात बोलते. तुझे बाबा निम्म्या वेगानं ऐकतात."

चित्रीकरण सुरू झालं. गाणं किरकिरत पळायला लागलं, मावशी ओठ चालवत वर निघाली. पहिला मजला आला. दार उघडलं. बाहेर गाणारी मैत्रीण साहेबासारखी हात मागे बांधून उभी.

आणि मावशी ताडकन उठून उभी राहिली.

"आई! बसायचंय तुला!"

"हो की गं. चुकलं."

पुन्हा खाली. पुन्हा गाणं. पहिला मजला, दार उघडलं, मावशी उभी. आम्ही सगळे पोट धरून हसलो. तिसऱ्यांदा उभी. चौथ्यांदा तिनं स्टुलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली, तर स्टुलासकट उठली. आता मात्र तिचं हसू ओसरायला लागलं. दुसऱ्या मजल्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. जाळी सरकल्याचा खर्र आवाज झाला की पाय आपोआप सरळ होत होते. इकडे ओठ म्हणतायत 'बसले मी तर बसले आता' आणि बाई उभी!

तिवईनं छोट्या पडद्यावर सावकाश करून बघितलं. "मावशी, हे भारी दिसतंय. तुम्ही हळूहळू उगवल्यासारख्या उठता. असंच ठेवू या?"

"नाही," मावशी म्हणाली.

"पण मस्त..."

"नाही म्हटलं ना! तुला मस्त वाटावं म्हणून उठत्येय का मी?"

लिफ्ट तळमजल्यावर थांबली होती. ती बाहेर आली आणि माझ्या खोक्यासमोरच्या पायरीवर बसली. स्वतःच्या पायांकडे बघत म्हणाली, "काका, मला वाटत होतं त्यानं नुसतं स्टूल नेलं. त्यानं माझे पायच नेले हो. माझे पाय आता त्याचं ऐकतात."

मी एका गिऱ्हाइकाच्या घड्याळाला किल्ली दिली, आणि दिली हे विसरून पुन्हा दिली.

टिकटिक म्हणाली, "आई, आपण ओढणीनं तुला स्टुलाला बांधू. कॅमेऱ्यात दिसणार नाही."

"बांधून बसवलेली बाई बसलेली नसते गं," मावशी म्हणाली. मग उठली. "तो कॅमेरा बंद कर. गाणं बंद कर. तुम्ही तिघं एकेका मजल्यावर जाऊन उभे राहा आणि जाळी उघडत राहा. मी सांगेन तेव्हा थांबा."

त्या दुपारी आमची लिफ्ट गाण्याविना वर-खाली फिरली. खर्र, जाळी उघडी, खर्र, बंद. मधूनच मावशीचा आवाज यायचा, "परत!" कधी, "अरे, जरा तुसडा दिसायचा प्रयत्न कर की, तू काय पाहुणचाराला आलायस का?" कधी स्वतःलाच एक सणसणीत शिवी. पाय उठू पाहायचे आणि ती त्यांना खाली दाबायची. पोरं कंटाळली. मैत्रीण जिन्यात बसून डबा खाऊन आली. आणि ऊन दारातून सरकत माझ्या खोक्याच्या पायाशी आलं तेव्हा वरून कुठूनतरी मावशी ओरडली, "लावा रे गाणं!"

एका फेरीत झालं. सहाही मजले. दारं उघडली, दारं मिटली, मावशी ढिम्म. तो तुकडा मी नंतर पाहिला. त्यात ती हसत नाही. जबडा आवळलेला, मांड्यांवर मुठी, आणि डोळे असे की दारातल्या माणसानंच ओशाळून बाजूला व्हावं.

कव्हरवरून मात्र तिघांत ठिणगी पडली. मैत्रीण म्हणाली, "आवाज माझा आणि फोटो तुझ्या आईचा? मग मी कोण?" बोलणं रास्त होतं. मॅडमही म्हणाल्या, "गाणारीचा चेहरा ठेवा. तरुण आहे, गोड आहे. गाल फुगवून बसलेली बाई पाहून गाणं कोण ऐकेल?"

टिकटिकनं त्या दिवशी आईचा आवाज काढला. "मॅडम, तुम्हीच म्हणालात तिन्ही एका आईची लेकरं हवीत. ही घ्या आई." आणि मैत्रिणीकडे वळून म्हणाली, "तुझं नाव सगळ्यात मोठं. गाण्याच्या नावापेक्षाही मोठं. माझं हवं तर टाकूच नको." मैत्रिणीनं दोन दिवस फुरंगटून मग मान डोलावली. लिफ्टमध्ये मजल्यांचे ते जुने गोल आकडे आहेत ना, त्यांवर पातळ कागद ठेवून पोरांनी त्यांचं वळण उतरवलं आणि त्याच वळणाची अक्षरं केली. रंग लिफ्टचाच, शेवाळी हिरवा. मधोमध मावशी, बसलेली. व्हिडिओतही तोच हिरवा, तीच अक्षरं. भावंडं अगदी, नाक-डोळ्यांसकट.

पोस्टर लोकांच्या वावरात लावून त्याचे फोटो दाखवायचे, हा कामाचाच भाग होता. टिकटिकनं ग्रंथालयात लावलं, बस डेपोत बापाच्या ओळखीनं लावलं. आणि एक मावशीनं खळ घेऊन स्वतः लावलं. लिफ्टमध्ये. काटकोनाच्या पाटीवरच, कडा दाबून दाबून.

टिकटिक धावत आली. "आई, काढ ते! नोकरी जाईल तुझी! मला मार्क नकोत."

"मार्क तुझे. भिंत माझी."

"आई, तुझ्या पाया पडते."

"पायांना आता हात लावू नकोस. आत्ताच ताब्यात आलेत."

आणि त्या सकाळी, कामाच्या दिवशी, भर वेळेत मावशी स्टुलावर बसली. बातमी सहा मजले एका श्वासात चढली. ज्यांना काम नव्हतं तेही लिफ्टनं फिरून आले. मग काटकोन आला. मी भिंग काढून ठेवलं. अशा गोष्टी उघड्या डोळ्यांनी बघाव्यात.

जाळी उघडली. तो समोर. मला तिचे पाय दिसत होते आणि ते सरळ व्हायला बघत होते, खोटं का बोलू? पण स्टूल सुटलं नाही.

"उठा," काटकोन म्हणाला.

"कितव्या मजल्यावर, साहेब?"

"मी म्हणतोय, उठा."

"ऐकलं मी. कितव्या मजल्यावर जायचंय?"

त्यानं पोस्टर पाहिलं. पोस्टरवरची मावशी आणि स्टुलावरची मावशी, दोघी एकसारख्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होत्या. तो वळला, चौकोनी, आणि जिन्यानं चढून गेला.

दुपारी तो मालकांचा निरोप घेऊन आला. माफी मागा, पोस्टर काढा, व्हिडिओ कुठे दाखवू नका. जेवणाच्या सुट्टीत स्टूल वापरायला हरकत नाही. मावशी म्हणाली, "जेवायला मी घरीसुद्धा बसते. तिथे मला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही." तेव्हा काटकोनानं लिफ्टला कुलूप ठोकलं. लिफ्टच नाही तर लिफ्टवाली कशाला, असा त्याचा हिशेब.

मावशी दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. कुलपासमोर स्टूल मांडलं आणि बसली. लोक जिना चढायला लागले. पाचव्या मजल्यावरचा तो लठ्ठ वकील दुसऱ्या वळणावर दर खेपेला भिंत धरून उभा राही आणि मावशी खालून हाक मारी, "बघताय ना, वकीलसाहेब?" दातांच्या डॉक्टरकडचे पेशंट गाल धरून यायचे, जिना बघायचे आणि तसेच परत जायचे. काही जणांनी तिलाच शिव्या घातल्या, हेही सांगायला हवं. "एका स्टुलापायी सगळ्यांना वेठीला धरलंय," असं सहाव्या मजल्यावरची एक बाई तिच्या तोंडावर म्हणाली. मावशीनं उठून तिला स्वतःचं स्टूल देऊ केलं. "बस गं. दमली असशील. मग ठरव." ती बसली नाही, तरातरा जिना चढायला लागली.

त्याच आठवड्यात कॉलेजात सगळ्यांचे व्हिडिओ दाखवले. मीही गेलो होतो, ड्रायव्हरसाहेबांच्या शेजारी. पडद्यावर दारं उघडत होती, मिटत होती, आणि अंधारातली पोरं 'बसले मी तर बसले आता'वर बाकं वाजवत होती. दिवे लागल्यावर मॅडम म्हणाल्या, "आज त्या स्वतः आल्या आहेत. मावशी, जरा उभ्या राहता का? सगळ्यांना दिसू दे."

मावशी जागची हलली नाही. "मागच्यांना दिसत नसेल तर त्यांनी पुढे यावं," ती म्हणाली. आणि खरंच, मागची पोरं उठून पुढे आली. मॅडमनी मार्क बरे दिले. पोस्टर 'जरा अंगावर येतं' म्हणून थोडे कापले. टिकटिक त्यावर हुज्जत घालायला निघाली होती, आईनंच दंडाला धरून थांबवली. "अंगावर येतं म्हणाली ना? मग बरोबर छापलंय."

घरी जाताना बसमध्ये ड्रायव्हरसाहेबांनी, जे लग्नापासून गप्पच आहेत, विचारलं, "नोकरी गेली तर?"

"तर दुसरी बघेन. बसून करायची."

कुलूप पुढच्या आठवड्यात निघालं. कुणी काढायला लावलं ते नक्की कळलं नाही. मी खूप प्रयत्न केला. एक म्हणतो, वकिलानं शेवटी डोळे उघडून मालकांना पत्र लिहिलं. दुसरा म्हणतो, मालकांच्या सासूबाईंची दाढ दुखायला लागली. माझा कल सासूकडे आहे.

त्या सकाळी काटकोन स्वतः आला, कुलूप काढून खिशात टाकलं आणि बाजूला झाला. मावशीनं स्टूल आत नेलं, होतं तिथेच ठेवलं. स्टुलाची परवानगी त्यानं दिली नाही. तिनं मागितली नाही. पोस्टरकडे दोघांनीही पाहिलं नाही.

मग तो आत शिरला. दुसरा इलाज नव्हता, त्याची कचेरी सहाव्या मजल्यावर. मावशीच्या शेजारी तो उभा, ताठ. ती बसलेली.

"सहावा," तो म्हणाला.

"माहितीये."

तिनं बसल्या बसल्या हात लांबवून जाळी ओढली, दांडा फिरवला, आणि लिफ्ट वर निघून गेली. खालून मला शेवटी त्याचे करकरीत बूट तेवढे दिसले, आणि त्यांच्या शेजारी मावशीचे सुजलेले पाय. चप्पल काढून, एकावर एक टाकलेले.